एवढा भारी पिक्चर पडला कसा काय?

बाकरवडी:
काल पोरांनी परत लावला म्हणून तिसऱ्यांदा बघून झाला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स: ऑनर अमंग थीव्हज', २०२३ चा. तो कबरस्तानातला सीन, मढं उठवून पाचच प्रश्न विचारायचे आणि हे येडे फालतू बडबडीतच प्रश्न संपवतात, धाकटी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. आणि तो ढेरपोट्या ड्रॅगन, धड पळता येत नाही म्हणून गडगडत येतो! पण नेटवर बघितलं तर सगळे फ्लॉप म्हणतायत. बजेट साधारण १५ कोटी डॉलर, जगभरचा गल्ला २०.८ कोटी. मग फायदाच झाला ना? माझं गणित कुठे चुकतंय?

गल्लेवाला:
गल्ला म्हणजे तिकिटाचे पैसे रे, निर्मात्याच्या खिशातले नव्हे. मोघम हिशोबात निम्मे थेटरवाले ठेवतात. म्हणजे हातात आले १०-११ कोटी, पिक्चरला गेले १५, आणि जाहिरातीचा खर्च त्या १५ मध्ये धरलेलाच नसतो. ओटीटीचे वगैरे नंतर येतात पण खड्डा मोठा होता.

बाकी तारीख बघ. अमेरिकेत ३१ मार्चला लागला, आधीच्या शुक्रवारी जॉन विकचा चौथा भाग आलेला, आणि ५ एप्रिलला सुपर मारिओ! मारिओने जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर ओढले. चार तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरून माणूस महिन्यातून एकदा पोरांना घेऊन जाणार, आणि पोरगं मारिओ मारिओ करतंय. बाप काय ड्रॅगन दाखवणार आहे?

पत्त्यांचा_बंगला:
मारिओ ठीक आहे पण माझ्या मते खरी गोची नावात. ते नाव मुळात टेबलाभोवती बसून खेळायच्या एका गेमचं, तो न खेळणाऱ्याला वाटतं आपल्याला काही कळणार नाही. आमची ही ट्रेलर बघून म्हणाली "आधीचे भाग बघावे लागतील का?" संपला विषय. आणि खेळणाऱ्यांना आठवतो २००० साली याच नावाने आलेला तो रद्दड पिक्चर. त्यात जानेवारीत गेम काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने गेमचं लायसन्स (ज्याच्या जोरावर बाकीचे लोक त्या गेमसाठी आपापलं साहित्य काढतात ते) बदलायचा घाट घातला, मसुदा फुटला, जुने खेळाडू पेटले, पिक्चरवर बहिष्कार टाका म्हणेपर्यंत गेलं. कंपनीने माघार घेतली पण जे लोक फुकटात गावभर जाहिरात करणार होते तेच नेमके रुसलेले.

रात्रपाळी:
मी ठाण्यात थेटरात बघितलाय, शनिवारी संध्याकाळी. नऊ जण होतो, त्यातला एक इंटरव्हलपर्यंत झोपलेला. शेजारच्या स्क्रीनला भोला, तिकडे ही गर्दी. पण त्या नऊ जणांत (आठ धरा) मढ्याच्या सीनला जो हशा पिकला तो अजून आठवतो.

@बाकरवडी तुम्ही कुठल्या थेटरात बघितलात?

बाकरवडी:
थेटरात नाही ओ. मोठ्याची वार्षिक परीक्षा होती तेव्हा, मग मे महिन्यात गावी गेलो. तिन्ही वेळा घरीच.

गल्लेवाला:
मग गणित कुठे चुकलं विचारतोस होय 😂