पेनड्राइव्ह उघडत नाही, फॉरमॅट मागतोय. परवा रात्री चित्ररथ आहे!

शहापूरचा_साऊंडवाला:
नमस्कार मंडळी. अर्जंट आहे. परवा रात्री शिवजयंतीची मिरवणूक, आमच्या गल्लीचा देखावा पावनखिंडीचा. ट्रॉलीवर थर्माकोलची खिंड उभी झालीय, पोरं महिनाभर रोज रात्री तालीम करताहेत. संवाद कोल्हापुरात एका स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलो, एकूण अकरा ट्रॅक. स्टुडिओवाल्यानं आमच्याच नव्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर भरून दिला.

काल ॲम्प्लिफायरला लावलो, नुसतं 'नो फाईल'. घरी लॅपटॉपला लावलो (विंडोज १०) तर एका पेनड्राइव्हचे दोन ड्राइव्ह दिसायलेत! एकाचं नाव 'ईएफआय', साइज जेमतेम दोनशे एमबी, आत आपलं काहीच नाही. दुसऱ्यावर क्लिक केलो की म्हणतोय, वापरायच्या आधी डिस्क फॉरमॅट करा. मी कॅन्सल करून बाहेर आलो. पोर्ट बदललो, लॅपटॉप बंद करून चालू केलो, शेजारच्याच्या कम्प्युटरला लावून बघितलो. तेच.

परत रेकॉर्डिंग होणं शक्य नाही. बाजीप्रभूचा आवाज दिलेला पोरगा तालमीत ओरडून ओरडून घसा बसवून घेतलाय, हळदीचं दूध पीत घरी बसलाय. आणि गडावरच्या तोफांचा आवाज त्याच पेनड्राइव्हवर. तोफा ऐकू आल्याशिवाय बाजीप्रभू पडणार कधी, सांगा की!

खडेबाजारचा_राजा:
फॉरमॅट मारून टाका. मग रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून सगळं परत काढा. मी दोनदा केलोय, निघतंय.

निपाणी_रिपेअर:
अहो थांबा! फॉरमॅट अजिबात मारू नका. वर सांगितलंय तसं कधी कधी निघतं, पण फाईलींची नावं जातात, एखादी अर्धीच निघते. तोफेच्या जागी घोड्यांच्या टापा वाजल्या तर मिरवणुकीत कुणाला तोंड दाखवणार?

वीस वर्षं दुकान चालवतोय. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीतून हिशेबाचे पेनड्राइव्ह येतात. पितळी पट्ट्यांवर बारीक धूळ बसलेली असते, खोडरबर फिरवला की निम्मे तिथंच चालू होतात. तुमचा तसला प्रकार दिसत नाही. एकाचे दोन दिसणं आणि त्यातला एक 'ईएफआय', ही खूण वेगळी आहे. एक सांगा, स्टुडिओवाला मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कम्प्युटरवर काम करतो का?

एवढं करून बघा. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून मॅनेज, तिथून डिस्क मॅनेजमेंट. खाली तुमच्या पेनड्राइव्हचा आडवा पट्टा दिसेल. सुरुवातीला दोनशे एमबीचा तुकडा आणि पुढं एकच मोठा तुकडा, असं असेल तर पेनड्राइव्ह ठणठणीत आहे, फक्त मॅकच्या पद्धतीनं फॉरमॅट झालाय. पट्ट्यावर 'नो मीडिया' असेल तर मात्र आतली चिप किंवा कंट्रोलर गेला, तिथं सॉफ्टवेअर काही करत नाही.

मॅकची स्वतःची फॉरमॅट विंडोजला वाचता येत नाही. आणि वाचता येत नाही असं सरळ सांगायचं सोडून तो 'फॉरमॅट करा' म्हणतो, घोळ तिथंच होतो. पुण्यामुंबईचा पाहुणा आपल्याकडं बेळगावात एसटी स्टँडवर उतरला आणि बसवरची कन्नड पाटी वाचता आली नाही, तर पाटी पुसून काढा म्हणेल का? विंडोज नेमकं तेच म्हणतोय.

शहापूरचा_साऊंडवाला:
बघितलो. सुरुवातीला २०० एमबी, पुढं २८ जीबीच्या वर एकच तुकडा. आणि हो, त्याच्या टेबलावर सफरचंदाचं चित्र असलेला कम्प्युटर होता, आता आठवलं. फोन लावायलोय पण तो कोकणात लग्नाला गेलाय, रेंजमध्ये नाही. आता?

निपाणी_रिपेअर:
झालं तर मग, डोक्यावरचा धोंडा उतरला. बेळगावात कुणाकडं तरी मॅक असेलच. डिझाइनवाले, अल्बमवाले, व्हिडिओ एडिटिंगवाले, विचारा. जाताना दुसरा पेनड्राइव्ह न्या, मात्र घरीच विंडोजवर फॅट३२ या जुन्या, दोन्हीकडं चालणाऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करून न्या. ३२ जीबीपर्यंत विंडोज ते करून देतं. मॅक फॅट३२ वाचतो पण आणि त्यावर लिहितो पण. आणि तुमच्या ॲम्प्लिफायरला बहुतेक फॅट३२ शिवाय दुसरं काही कळत नाही.

मॅक मिळालाच नाही तर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' म्हणायचं. मॅकची जुनी फॉरमॅट, एचएफएस प्लस, तो वाचतो. नवी एपीएफएस असेल तर आपोआप उघडत नाही. म्हणून आधी मॅकच शोधा.

अजून एक. स्टुडिओवाले बहुतेक २४ बिटची वेव्ह फाईल देतात. साधे प्लेअर ती वाजवत नाहीत. एमपीथ्री करून घ्या.

टिळकवाडीची_ताई:
दादा, माझ्या भाच्याकडे मॅक आहे, लग्नाचे अल्बम करतो. संध्याकाळी सहानंतर घरी असतो. पत्ता वेगळा मेसेज करून पाठवते. येताना देखाव्यातल्या मावळ्यांचा फोटो आणा, आमच्या गल्लीतल्या पोरांना दाखवायचाय. ते यंदाही आग्र्याहून सुटकाच करणार आहेत, सलग तिसरं वर्ष.

शहापूरचा_साऊंडवाला:
ताई, देव तुमचं भलं करो. मॅकला लावल्या लावल्या सगळे अकरा ट्रॅक समोर! पोरानं दहा मिनिटांत एमपीथ्री करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून दिला. पैसे घेईना, शेवटी पावशेर कुंदा हातात कोंबून आलो.

पण आता नवीनच भानगड. ॲम्प्लिफायरवर अकराच्या जागी बावीस ट्रॅक दाखवायलंय. एक वाजतो, पुढचा मुका, मग त्याच्या पुढचा वाजतो. मध्ये दोन सेकंद सगळं गार. सिद्दी मसूदचं सैन्य तलवारी उगारून तसंच उभं!

निपाणी_रिपेअर:
हे सांगायचं राहिलं, चूक माझी. मॅक फॅट३२ वर फाईल टाकताना जोडीला एक छोटी लपलेली फाईल सोडतो. नाव तेच, फक्त सुरुवातीला टिंब आणि अंडरस्कोअर, साइज चारेक केबी. तुमचा प्लेअर तिलाही गाणं समजतो. लॅपटॉपवर फोल्डरच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' टिक करा, फिकट दिसणाऱ्या त्या टिंबवाल्या तेवढ्याच उडवा. मग 'इजेक्ट' करून काढा, ओढून काढू नका.

शहापूरचा_साऊंडवाला:
अकरा बरोबर अकरा. रात्री तालमीत तोफा वाजल्या आणि बाजीप्रभू वेळेवर पडला. पहिल्यांदाच, नाहीतर आधीच पडायचा. आता तीन पेनड्राइव्हवर कॉपी केलोय. एक माझ्या खिशात, एक ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडं, आणि एक आईनं देव्हाऱ्यात ठेवलीय, तिला कोण सांगणार!