मोजक्याच बंदुका ठेवायच्या तर कोणत्या? (शिकार + अडचणीचा काळ)

रानवाट
नमस्कार मंडळी. परवाना आणि प्रशिक्षण दोन्ही झालंय. आता घरात कायमच्या तीन-चार बंदुका ठेवायच्या आहेत. ससा, बदक यांपासून हरणापर्यंत शिकार जमावी, आणि पुरात वगैरे रस्ते-वीज बरेच दिवस बंद राहिले तरी अडू नये, एवढंच मागणं आहे. एक मित्र म्हणतो आधी पिस्तूल घे, दुसरा म्हणतो एक बारा बोअर (रुंद नळीची छर्ऱ्यांची बंदूक) असली की सगळं भागतं. घरात लहान मुलं आहेत. अनुभवी लोकांनी सांगावं.

जुना नेमबाज
पहिली बंदूक .२२ एलआर (अगदी लहान काडतुसाची रायफल), तीही बोल्टवाली, म्हणजे दर गोळीनंतर खटका हाताने मागे-पुढे ओढायची. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. धक्का जवळजवळ नाही, आवाज त्यामानाने कमी, काडतुसं स्वस्त आणि इतकी लहान की पाचशेचा डबा एका हातात मावतो. नेम धरणं, श्वास आवरणं, चाप हळू दाबणं हे सगळं हात शिकतो तो याच रायफलीवर. सेमी-ऑटोला (पुढचं काडतूस आपोआप भरून घेणाऱ्या बंदुकीला) जरा जोरकस काडतूस लागतं, मंद काडतुसावर ती अडकते. बोल्टवालीला दोन्ही चालतात. पन्नास मीटरपर्यंत सशासाठी उत्तम. हरणावर मात्र कधीही नाही, जनावर जखमी होऊन तडफडत जातं. आणि ही गोळी दीड-दोन किलोमीटर सहज जाते, म्हणून सावजामागे मातीचा उतार दिसत नसेल तर बंदूक खाली घ्या.

दुसरी बारा बोअर. बारीक छर्रे घातले की पक्षी, एकसंध गोळी घातली की पाऊणशे मीटरच्या आतलं मोठं जनावर. चोक (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारा अरुंद भाग) बदलता येणारी नळी घ्या. फुल, म्हणजे सगळ्यात अरुंद, चोक लावून एकसंध गोळी झाडू नका.

तिसरी .३०८ बोल्ट रायफल, वर ३-९ × ४० ची (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची) साधी दुर्बीण. हे काडतूस १९५२ पासून चालत आलंय, त्यामुळे सहसा कुठेही मिळतं. अडचणीच्या काळात ही गोष्ट फार मोलाची. दुर्मीळ कॅलिबरची (काडतुसाच्या मापाची) देखणी रायफल काडतुसं संपली की नुसता लाकूड-लोखंडाचा दांडा उरते.

पिस्तूल शेवटी. आखूड नळीमुळे नेम साधायला सगळ्यात अवघड, शिकारीला सगळ्यात कमी उपयोगाचं, आणि मुलांच्या हाती लागण्याची भीतीही त्याचीच जास्त. तुमच्या जागी मी असतो तर ते पैसे काडतुसांवर आणि भक्कम तिजोरीवर घातले असते. बंदुका रिकाम्या करून एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या मोठ्यांकडेच. पाणी, औषधं, कोरडं धान्य यांची सोय अर्थातच या सगळ्याच्या आधी.

पाणवठा
बाकी सगळं पटलं, पण पहिली बंदूक बारा बोअरच हवी असं माझं मत. एकीत तीन कामं होतात. हलकी हवी तर सोबत एक वीस बोअरही (हिची नळी बारापेक्षा अरुंद) घेऊन ठेवा.

जुना नेमबाज
पाणवठा, वीस बोअरबद्दल मी ठामपणे नको म्हणेन. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर आत घसरून पुढे अडकतं. वरून पाहणाऱ्याला नळी रिकामी वाटते, तो मागे बाराचं काडतूस घालून चाप ओढतो आणि नळी हाताजवळ फुटते. वीसच्या काडतुसांचा रंग पिवळा ठेवण्याची पद्धत याच भीतीमुळे पडली. अंधारात, घाईत पिवळा रंग दिसत नाही. एका घरात बारा आणि वीस एकत्र नकोत. याच कारणाने नळीवर जे कोरलंय तेच काडतूस घाला, "जवळपास सारखंच आहे" हे कुणाचंही ऐकू नका.

तुमच्या क्रमाबद्दल म्हणाल तर, बाराच्या धक्क्याने नवखा माणूस डोळे मिटतो, खांदा आक्रसतो, आणि ती सवय पुढे रायफलीवरही येते. ती मोडायला फार वेळ जातो.

रानवाट
खूप आभार. एक शंका. बायकोही शिकतेय, तिचा बांधा लहान आहे. .३०८ चा धक्का तिला जड जाईल का?

जुना नेमबाज
जाऊ शकतो. मग दोघांसाठी .२४३ चा विचार करा. .३०८ चंच कवच तोंडाशी अरुंद करून ते बनवलंय. गोळी हलकी, धक्का बराच कमी, आणि योग्य गोळी निवडली तर हरणाला पुरतं. फार मोठ्या जनावराला मात्र .३०८ च बरं. आपल्या भागात हरणासाठी कमीत कमी कोणतं कॅलिबर चालतं ते कायद्यात आधी पाहा.

विकत घेण्याआधी त्यांना बंदूक खांद्याला लावून पाहू द्या. मान न ताणता डोळा दुर्बिणीशी येत नसेल तर दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) लांब आहे, तो कापून घेता येतो. मागे जाड रबरी पॅड बसवा. कानांवर संरक्षण .२२ लाही हवंच, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. सुरुवातीला टेकूवरून शंभर मीटरला दुर्बीण जुळवून घ्या, नंतर टेकू काढून बसून आणि गुडघ्यावर सराव करा. शिकारीला जाल तेव्हा टेबल सोबत नसतं.

रानवाट
म्हणजे .२२, बारा बोअर आणि .२४३. पिस्तूल सध्या नाही. तिजोरी सगळ्यात आधी घेतो.

पाणवठा
तिजोरीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका, दमटपणात नळीला गंज फार लवकर धरतो. आणि प्रत्येक बंदुकीसाठी एक जादा फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते पेटवणारी सुई) घेऊन ठेवा, अडचणीच्या काळात तीच मिळत नाही.