स्पोर्टी आलिशान सेडान: बडोद्यातील मालकांचे अनुभव

अहमदाबादेपर्यंतचा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग बडोद्याला दोन दशकांपासून लाभलेला आहे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून भरूचच्या दिशेने दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गाचा टप्पाही खुला झाला आहे. गाडी चालवण्याचा आनंद हाच ज्यांच्या खरेदीचा मुख्य हेतू असतो, त्यांना याहून अनुकूल शहर गुजरातेत क्वचितच मिळेल. परंतु याच गाड्यांना रोज रावपुऱ्याच्या गर्दीतून वाट काढावी लागते, दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांसमोर जागा शोधावी लागते आणि पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांना तोंड द्यावे लागते. खरेदीपूर्वी मिळणारी माहिती बहुधा अश्वशक्तीपुरती मर्यादित असते. काही वर्षांच्या वापरानंतर कोणता गुण खरोखर मोलाचा ठरला, हे मात्र मालकच सांगू शकतो. तो अनुभव या चर्चाधाग्यात सविस्तर लिहावा, तुलना स्वतः चालवलेल्या गाड्यांचीच करावी आणि मागील आसनावर बसणाऱ्या घरच्या मंडळींचे मतही आवर्जून नोंदवावे, अशी विनंती आहे. प्रत्येक मालकाने शीर्षकात आपली गाडी आणि राहण्याचा भाग लिहावा. आरंभ माझ्या गाडीपासून करतो.

बीएमडब्ल्यू ३३०आय, अलकापुरी

माझी गाडी २०१९ साली भारतात आलेल्या पिढीतील आहे. दोन लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे चाके फिरवण्याचा जोर) आणि आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हे सर्व माहितीपत्रकात असते. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ५.८ सेकंदांत गाठता येतो, हेही असते. पण शहरात राहून त्या आकड्याचा उपयोग करण्याचे प्रसंग विरळाच येतात. रोज अनुभवाला येतो तो निराळा गुण. गाडीचे वजन पुढील आणि मागील चाकांवर जवळजवळ समसमान विभागलेले आहे, इंजिनाची ताकद मागील चाकांना मिळते, आणि त्यामुळे पुढील चाकांकडे वळण्याचेच काम उरते, गाडी ओढण्याचे नाही. स्टिअरिंग जेवढे फिरवावे तेवढीच आणि त्याच क्षणी गाडी वळते.

आम्ही कुलदेवीच्या दर्शनासाठी वणीला जातो, तेव्हा वाटेत सापुताऱ्याचा घाट लागतो. तेथे वेग ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे नेण्याची सोय नसते आणि नेऊही नये, परंतु तेवढ्याच वेगात ही गाडी वळणावळणाला जो विश्वास देते, तो मी याच किमतीच्या आसपासच्या इतर गाड्यांत अनुभवला नाही. खरेदीपूर्वी मी ऑडी ए४ आणि मर्सिडीज सी-क्लास या दोन्ही गाड्या एकाहून अधिक वेळा चालवल्या होत्या. आरामात दोन्ही सरस वाटल्या. घाटात मात्र ३३०आयचीच निवड मी पुन्हा करीन. स्पोर्टी गाडीची परीक्षा वेगाच्या काट्यावर घेऊ नये, स्टिअरिंग आणि ब्रेक यांच्या प्रतिसादावर घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन, कारण हे दोन गुण कायद्याने ठरवलेल्या वेगातही पूर्णपणे उपभोगता येतात.

आईचे मत वेगळे आहे आणि ते तितकेच महत्त्वाचे आहे. मागचे आसन खोलगट असल्याने उतरताना तिला दाराचा आधार घ्यावा लागतो, आणि गोत्रीच्या बाजूचे गतिरोधक ओलांडताना बसणारा धक्का तिला जाणवतो. घरात गुडघ्यांचे दुखणे असलेली वडीलधारी मंडळी असतील, तर त्यांना सोबत घेतल्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह पूर्ण झाली असे समजू नये.

ऑडी ए४, जुना पादरा रस्ता

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात जावे लागते, त्यामुळे माझ्या अपेक्षा थोड्या निराळ्या होत्या. माझी गाडी जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीतील आहे. इंजिन दोन लिटरचे, १९० अश्वशक्तीचे, ताकद पुढील चाकांना आणि टॉर्क ३२० न्यूटन मीटर. धागाकर्त्यांनी ३३०आयविषयी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, कारण माझ्या दिरांकडे तीच गाडी आहे आणि मी ती पावागढच्या पायथ्यापासून माचीपर्यंत चालवली आहे. ए४चे इंजिन पुढील चाकांच्या आसाच्याही पुढे बसवलेले असल्याने जोरात घेतलेल्या वळणावर गाडी किंचित बाहेरच्या बाजूला सरकू पाहते. ३३०आयमध्ये ही प्रवृत्ती जवळजवळ नाही.

असे असूनही मी ए४ निवडली आणि त्या निवडीवर समाधानी आहे. दार मिटताच बाहेरचा कोलाहल नाहीसा होतो. आतील बटणांचा, आसनांच्या शिवणीचा आणि पॅनेलांच्या जोडणीचा दर्जा मला या वर्गात सर्वोत्तम वाटतो. भर पावसात ओल्या रस्त्यावर गाडीची चाल शांत आणि एकसारखी राहते. १९० अश्वशक्ती कागदावर कमी वाटते, पण ७.३ सेकंदांत शंभरचा वेग गाठणारी गाडी शहरी माणसाला अपुरी पडेल असे मला वाटत नाही. दिवसभराच्या कामानंतर थकलेल्या चालकाकडून जी गाडी काहीही मागत नाही, तीही चालवण्याचा एक आनंद देते, आणि तुलनेत त्या आनंदालाही गुण मिळावेत.

बीएमडब्ल्यू ३ सीरिज ग्रॅन लिमोझिन, वासणा–भायली रस्ता

वर आईंच्या त्रासाचा उल्लेख वाचला म्हणून लिहितो. जानेवारी २०२१ पासून मिळणाऱ्या या लांब आवृत्तीत दोन आसांमधील अंतर २,९६१ मिलिमीटर आहे, म्हणजे ३३०आय ज्यातली आहे त्या मूळ ३ सीरिजपेक्षा ११० मिलिमीटर अधिक, आणि या वाढीचा फायदा मुख्यतः मागे बसणाऱ्यांच्या पायांना मिळतो. इंजिन तेच आहे. घाटातील चपळाई थोडी कमी होते. सस्पेन्शनही अधिक मऊ ठेवलेले आहे. माझे सासरे पूर्वी लांबचा प्रवास टाळत असत, ते आता नाशिकपर्यंत आनंदाने येतात. आसन जमिनीपासून फारसे उंच नसल्याने उतरण्याची अडचण मात्र येथेही पूर्णपणे सुटत नाही.

मर्सिडीज सी २२०डी, माणेजा

माझे काम दहेजच्या औद्योगिक पट्ट्यात असल्याने आठवड्यातील बहुतेक दिवस मी महामार्गावर असतो, आणि म्हणून मी जाणीवपूर्वक डिझेल घेतले. मे २०२२ मध्ये भारतात आलेल्या आणि पुण्याजवळ चाकणला जोडल्या जाणाऱ्या या पिढीत २२०डीला २०० अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन मीटर टॉर्क मिळतो. ऑडीने बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर भारतात डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे माझी तुलना बीएमडब्ल्यू ३२०डी आणि ही गाडी यांच्यातच होती. ३२०डी वळणांवर अधिक तत्पर आहे. सी-क्लास लांब पल्ल्यावर माणसाला ताजेतवाने ठेवते, आणि माझ्या दृष्टीने प्रश्न तेथेच सुटला.

डिझेल घेऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या इंजिनांच्या धूर बाहेर टाकण्याच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी काही काळ सलग वेगाने धावली की त्या मार्गातील उष्णता वाढते, साचलेली काजळी जळून जाते आणि गाळणी मोकळी होते. ज्यांची गाडी सयाजीगंज ते मांडवी एवढेच अंतर थांबत-थांबत कापते, त्यांच्या गाळणीला ही संधी मिळत नाही आणि कालांतराने सूचनादिवा लागतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने पेट्रोलच घ्यावे. गुजरातेत दोन्ही इंधनांच्या दरांत असलेला थोडा फरक हे डिझेल निवडण्याचे पुरेसे कारण नाही.

भरूचकडील नव्या मार्गाविषयीही लिहिले पाहिजे. तो काँक्रीटचा आहे, कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० आहे, आणि काँक्रीटवर टायरांचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा स्पष्टपणे अधिक येतो. ज्या गाड्या अहमदाबाद मार्गावर निःशब्द वाटतात, त्यांतील काहींचा खरा स्वभाव येथे कळतो. टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमच्या आसपासचा रस्ता न निवडता हा टप्पा निवडावा. माझ्या गाडीत मध्यभागी असलेल्या ११.९ इंचांच्या उभ्या पडद्यावर वातानुकूलनाचे नियंत्रण आहे. ते देखणे आहे, पण चालत्या गाडीत नजर रस्त्यावर ठेवून वापरण्यासाठी मला प्रत्यक्ष बटणेच अधिक सुरक्षित वाटतात.

बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह, अकोटा

मार्च २०२१ मध्ये ही गाडी आली, तेव्हा भारतात जोडली जाणारी ती बीएमडब्ल्यूची पहिली एम परफॉर्मन्स, म्हणजे अधिक ताकदीच्या स्पोर्टी श्रेणीतील, गाडी होती. तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद आणि शंभरपर्यंत ४.४ सेकंद. ताकदीविषयी सर्वांना माहीत आहे. मला लिहायचे आहे ते इंजिनाच्या चालीविषयी. एका रांगेत असलेले सहा सिलिंडर एकमेकांच्या हालचालींतून निर्माण होणारी कंपने जवळजवळ पूर्णपणे नाहीशी करतात, आणि चार सिलिंडरांच्या इंजिनाला हे मुळातच शक्य नसते. गाडी सिग्नलला उभी असताना, किंवा हरणीच्या रस्त्याने सावकाश विमानतळाकडे जाताना, ही स्निग्धता सतत जाणवते. ३३०आय मी पुष्कळ चालवली आहे. घाटातील वळणांवर दोन्हींत फार अंतर नाही, किंबहुना हलक्या पुढच्या भागामुळे ३३०आय अधिक खेळकर वाटते. अधिकची रक्कम त्या सहा सिलिंडरांसाठीच मोजावी.

ही गाडी तरुण मुलांच्या हाती देणाऱ्यांना एक गणित सांगतो. चालत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी १०० ऐवजी १२०ने जाणाऱ्या गाडीला थांबवताना ब्रेकांना ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. एम३४०आय शंभरवरून एकशेवीसवर इतक्या सहजतेने जाते की चालकाला ते जाणवतही नाही. माझ्या मुलाला मी आधी ब्रेकचे शिक्षण दिले आणि त्यानंतरच किल्ली दिली.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, फतेगंज

या यादीत माझी गाडी बसते की नाही हे इतरांनी ठरवावे, पण स्पोर्टी सेडान शोधणाऱ्याने तिचा विचार केलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. २०२० साली भारतात अशा फक्त २०० गाड्या आल्या, त्याही पूर्णपणे तयार स्वरूपात आयात केलेल्या. इंजिन २४५ अश्वशक्तीचे आहे. पुढच्या चाकांना ताकद असली तरी वळणावर दोन चाकांमध्ये ती योग्य प्रकारे वाटून देणारी यंत्रणा आहे, त्यामुळे ए४मध्ये जाणवणारी ती बाहेर सरकण्याची प्रवृत्ती येथे बरीच कमी होते. मागची काच डिकीच्या झाकणासह वर उघडते आणि आत संपूर्ण कुटुंबाचे सामान मावते. आतील सजावटीत ती जर्मन गाड्यांच्या पंक्तीला बसत नाही, आणि सस्पेन्शन कडक आहे. जुनी घेणाऱ्यांनी सेवा-नोंदी पूर्ण असल्याची खात्री करावी आणि आरएसचे म्हणून असलेले सुटे भाग मिळण्यास वेळ लागू शकतो, हे गृहीत धरावे.

विश्वामित्रीच्या काठावरून

माझ्या गाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अनुभव या वर्गातील कोणत्याही गाडीला लागू पडतो. ऑगस्ट २०२४च्या पुरात आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये पाणी शिरले आणि गाडी आसनांपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर ती सुरू करून पाहण्याचा आग्रह अनेकांनी केला. आम्ही तो मानला नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि आतील दांडे वाकतात. आम्ही गाडीला हात लावला नाही, विमा कंपनीला छायाचित्रे पाठवली आणि गाडी फ्लॅटबेडवरून, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून, कार्यशाळेत नेली. पुरात बुडाल्याचे नुकसान सर्वसमावेशक विम्यात येते, पण पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने होणारे नुकसान सामान्यतः येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. बडोद्यात राहणाऱ्याने ती घेतल्याशिवाय सेडान ताब्यात घेऊ नये. हवामान खात्याचा इशारा आला की आता आमच्या सोसायटीतील सर्व गाड्या उंचावर नेल्या जातात.

३३०आय, अलकापुरी: टायरांविषयीच्या प्रश्नाला उत्तर

अनेकांनी टायरांविषयी विचारले आहे, म्हणून धागाकर्ता या नात्याने पुन्हा लिहितो. २२५/४५ मापाच्या टायरची बाजू साधारण १०१ मिलिमीटर उंच असते, तर २२५/५५ची १२४ मिलिमीटर. एवढ्याच फरकामुळे धारदार खड्ड्यात एक अलॉय रिम वाचतो आणि दुसरा वाकतो. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर चालू शकतो, म्हणजे सापुताऱ्याच्या अलीकडे रात्री पंक्चर झाला तरी कुटुंबाला रस्त्यात उभे राहावे लागत नाही. परंतु त्याच्या कडक बाजूंमुळे आईला जाणवणारा धक्का वाढतो. टायर बदलण्याची वेळ आली, तेव्हा मी साधे टायर बसवले, डिकीत स्टेपनी आणि हवा भरण्याचा छोटा पंप ठेवला. गतिरोधकावरचा धक्का लक्षणीयरीत्या कमी झाला आणि स्टिअरिंगच्या अचूकतेत मला जाणवेल असा फरक पडला नाही. मात्र वेगाचे आणि भाराचे जे निर्देशांक कंपनीने ठरवून दिले आहेत, त्यांहून कमी प्रतीचे टायर स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, आणि दर महिन्याला टायर थंड असतानाच हवा तपासावी.