वापरलेल्या ऑफिस फर्निचरची रास्त किंमत कशी ठरवायची?

कडून: खजिनदार
प्रति: सर्व सभासद
विषय: शाळेच्या खोल्यांसाठी जुनं फर्निचर, किंमत काय द्यावी?

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्या एका सभासदांचं ऑफिस महिनाअखेरीस बंद होतंय. १२ खुर्च्या, ६ टेबलं, वरखाली होणारी २ इलेक्ट्रिक टेबलं, ३ स्टीलची ड्रॉवरवाली कपाटं आणि मीटिंगचं एक मोठं टेबल, असं सगळं ते मंडळाला द्यायला तयार आहेत. खरेदीच्या बिलाच्या निम्मी रक्कम त्यांनी सुचवली आहे. त्यांच्या हिशोबवहीत मात्र या सामानाची किंमत जवळपास शून्यावर आली आहे, म्हणून कार्यकारिणीत काहींचं म्हणणं पडलं की फुकटच मागा.

मला दोन्ही पटत नाही. पैसा वर्गणीचा आहे आणि समोरचा माणूसही आपलाच आहे. काका, तुम्ही नोकरीत वर्षानुवर्षं ऑफिसांची खरेदी सांभाळलीत, तेव्हा तुम्हीच सांगा. सामान देणारे दादाही या लिस्टवर आहेत, त्यामुळे जे काय बोलायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे.

कळावे,
खजिनदार

—

कडून: खरेदीवाले काका
विषय: उत्तर: शाळेच्या खोल्यांसाठी जुनं फर्निचर

ताई, नमस्कार.

आधी ते दोन्ही आकडे बाजूला ठेवा. घसारा, म्हणजे वहीत दरवर्षी कमी केली जाणारी किंमत, करासाठी आणि ताळेबंदासाठी लावतात. वहीतून गेलेली चांगली खुर्ची पुढची दहा वर्षंही बिनतक्रार चालू शकते. आणि जुनं बिल धरायचं तर ते छापील दराचं की सवलतीनंतरचं, हे आधी बघावं लागतं. ऑफिसं घाऊक घेतात तेव्हा छापील दरावर बरीच सवलत मिळते. म्हणून सुरुवात आजच्या भावापासून करायची: तीच वस्तू आज नवी केवढ्याला पडते, आणि दुरुस्त करून, हमीसह विकणारा केवढ्याला देतो? ऑनलाइन जाहिरातींतले आकडे धरू नका. ती मागणी असते, सौदा कितीला तुटला ते तिथे दिसत नाही.

दादांच्या खुर्च्या हर्मन मिलर कंपनीच्या 'एरॉन' मॉडेलच्या आहेत असं कळलं, म्हणून उदाहरण त्याच मॉडेलचं घेतो. नवीची किंमत १०० धरा. समजा दुरुस्त केलेली, घरपोच आणि हमीची ५० ला मिळते. आपल्याला हमी नाही, त्याचे १० वजा. टेम्पो आपला, त्याचे ५. खुर्चीच्या हातांवरची गादी, चाकं वगैरे किरकोळ कामाचे ५. राहिले ३०. ही झाली आपली कमाल मर्यादा, याच्या वर गेलो तर वर्गणीचा पैसा वाया. आता दादांची बाजू बघा. जुन्या मालाचा व्यापारी त्यांना समजा १५ देतो. त्याहून कमी मागितलं तर आपण त्यांच्या अडचणीचा फायदा घेतोय. रास्त किंमत या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते. २२ किंवा २३ म्हटलं तर दोघांचाही फायदा होतो. आकडे मी कल्पून घेतलेत, खरे तुम्ही भरा. रीत मात्र हीच ठेवा.

पण हा हिशोब धडधाकट खुर्चीचा. प्रत्येक खुर्ची वेगळी तपासा. पाठीच्या वरच्या कडेला मागच्या बाजूने बोट फिरवा, उंचवट्यासारखे ठिपके लागतील. एक ठिपका म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, असे तीन आकार आहेत. बी बहुतेकांना चालतो, म्हणून त्याला गिऱ्हाईकही जास्त. बैठकीखालच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. हे मॉडेल १९९४ चं, २०१६ मध्ये ते नव्याने बेतलं गेलं, आणि जुन्या-नव्याचे बरेच भाग एकमेकांना बसत नाहीत. मग खुर्ची पूर्ण वर करून १० मिनिटं बसून राहा. हळूहळू खाली जात असेल तर गॅस लिफ्ट, म्हणजे खुर्ची वरखाली करणारी नळी, गेली. ती बदलता येते, पण तो खर्च वजा करा. बैठकीची जाळी फाटली असेल तर ठिगळ लागत नाही, चौकटीसकट बैठक बदलावी लागते. अशी खुर्ची सुट्या भागांच्या भावानेच घ्या.

कंपनीची १२ वर्षांची हमी आपल्याला मिळेल असं धरून चालू नका. आधी बिल बघा आणि कंपनीला विचारा.

टेबलांबद्दल थोडक्यात. लॅमिनेट लावलेलं पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, असेल तर फार देऊ नका. एकदा खोलून परत जोडलं की स्क्रूची पकड ढिली होते. पायाजवळच्या कडा फुगल्या असतील तर तिथे पाणी मुरलंय, ते घेऊच नका. इलेक्ट्रिक टेबल वजन ठेवून पार वर आणि पार खाली नेऊन बघा, दोन्ही पाय एका वेगाने हलले पाहिजेत. मीटिंगचं टेबल दारातून आणि जिन्यातून निघतं का ते मापून ठेवा. एवढ्या मोठ्या टेबलाला बाजारात कुणी विचारत नाही.

कपाटांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण खोल्यांत मुलं असणार. एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा उघडता कामा नये. कपाट पुढे कलंडू नये म्हणून आत तशी सोय असते. ती मोडलेली असेल तर कपाट फुकट मिळालं तरी नको.

काका

—

कडून: ऑफिस बंद करणारा सभासद
विषय: उत्तर: उत्तर: शाळेच्या खोल्यांसाठी जुनं फर्निचर

काका, ताई, नमस्कार.

माझ्या बिलातली रक्कम सवलतीनंतरचीच आहे, पण काकांची रीत मला मान्य आहे. व्यापाऱ्याने फक्त खुर्च्या मागितल्यात, त्याही १०. दोन खुर्च्यांची जाळी फाटली आहे. माझी खरी काळजी वेगळीच आहे. महिनाअखेरीला जागा रिकामी करून द्यायची आहे. मंडळाने खुर्च्या तेवढ्या उचलल्या, तर टेबलं हलवायचा आणि टाकून द्यायचा खर्च माझ्या गळ्यात पडेल. तसं होणार असेल तर खुर्च्यांचा भाव मला वाढवावा लागेल.

—

कडून: खरेदीवाले काका

दादा, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. चांगलं तेवढं वेचून उरलेलं विकणाऱ्याच्या दारात सोडायचं असेल, तर भाव वेगळा लागलाच पाहिजे.

उलट मंडळाने सगळं एकदम, ठरल्या दिवशी, स्वतःची माणसं लावून उचललं, तर तुमचा टाकायचा खर्च वाचतो. माझं मत असं: १० खुर्च्यांना मधला भाव, दोन फाटक्या सुट्या भागांसाठी, इलेक्ट्रिक टेबलं चालवून बघितल्यावर त्यांचा वेगळा भाव, कपाटांना थोडं. साध्या टेबलांचे आणि मीटिंगच्या टेबलाचे पैसे नकोत, ती उचलायची जबाबदारी मंडळाची. फुगलेलं किंवा मोडकं जे निघेल ते टाकायचा खर्चही मंडळाचाच. ताई, तो आत्ताच अंदाजपत्रकात धरून ठेवा.

—

कडून: खजिनदार

काका, दादा, दोघांचेही आभार. याच रीतीने आकडे भरून वस्तूवार तक्ता उद्या सगळ्यांना पाठवते. दादा, तुम्ही कार्यकारिणीत असल्यामुळे या ठरावाच्या मतदानात तुम्ही नसाल, तशी नोंद इतिवृत्तात करते. शनिवारी काका आणि मी तपासायला येतो. बिलं आणि कपाटांच्या किल्ल्या तेवढ्या काढून ठेवा. किल्ली हरवली असेल तर कुलपावर कोरलेला नंबर लिहून ठेवा, त्यावरून बहुधा नवी मागवता येते. पैसे सामान उचलायच्या दिवशी एकरकमी, पावती घेऊन देऊ.