कोंबडीच्या रश्श्यात डुबुकवडे विरघळतात, काय चुकतंय?

प्रश्न:
पाऊण किलो कोंबडी, खान्देशी काळ्या मसाल्याचा रस्सा. त्यात बेसनाचे डुबुकवडे सोडले की निम्मे विरघळतात, उरलेले आत कच्चे. रस्सा तर पार पिठलं होतो.

भरीतभाकरी:
पीठ पातळ होतंय. दीड वाटी बेसन, चमचाभर कडकडीत तेल, तिखट, हळद, ओवा, मीठ, ठेचलेला लसूण. पाणी चमच्याचमच्याने, साधारण अर्धी वाटी. बोटांवरून धार न लागता गोळा पडला पाहिजे. आधी एकच वडा सोडून बघा. विरघळला तर चमचाभर बेसन वाढवा, दडस झाला तर शिंतोडा पाण्याचा. खायचा सोडा अजिबात नको, त्यानेच वडे फुटतात.

ठसका:
पिठाइतकाच दोष उकळीचा. कोंबडी पाऊण शिजली की आच मोठी करा, रस्सा खळखळला की बोराएवढे वडे सोडा. पाच मिनिटं डाव लावायचा नाही, पीठ धरायला तेवढा वेळ लागतो. तरंगले म्हणजे शिजले असं नव्हे. मग मध्यम आचेवर दहा मिनिटं, झाकण अर्धवट. एक मोडून बघा. मधोमध ओला ठिपका दिसला तर अजून थोडा वेळ. बेसन रस पितं, म्हणून रस्सा दीड लिटर आणि पातळच ठेवा.

प्रश्न:
तरी दाट झाला तर?

भरीतभाकरी:
उकळतं पाणी घाला, गार नको. आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं नसेल तर तर्री येणारच नाही. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भात कशाला?