८०० मीटरची सवय, आता जानेवारीत पहिल्यांदाच २१ किमी. तयारी कशी करू?

कालवाकाठ

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातली, वय २५. पोलीस भरतीसाठी बरीच मेहनत केली. तिथे मुलींना ८०० मीटर असतात, त्यामुळे मला धावणं म्हणजे शिट्टी वाजली की जीव खाऊन पळायचं, एवढंच माहीत आहे. भरती सध्या बाजूला ठेवली आहे, पण धावणं सोडवत नाही. जानेवारीत नागपूरला हाफ मॅरेथॉन आहे, २१.०९७५ किमी. मैत्रिणीनं आणि मी दोघींनी नाव नोंदवलं.

सकाळी निम्न वर्धाच्या कालव्याच्या रस्त्यानं धावते. चौथ्या किलोमीटरपर्यंत छान वाटतं. पाचव्याला बरगडीखाली कळ येते, सहाव्याला दम पुरत नाही आणि थांबावंच लागतं. सहाचे एकवीस कसे होणार?

दुसरं म्हणजे वावर. पंधरवड्यात सोयाबीन सोंगणीला येईल, मग कापूस, तो थेट जानेवारीपर्यंत. घरचंच वावर आहे, त्यामुळे मी वेचणीला जाणारच. दिवसभर वाकून आलं की संध्याकाळी पायात काही उरत नाही, आणि पहाटे पाचला अंधार असतो. बाबा दूध घालायला जाताना गाडी माझ्या मागं हळू ठेवतात, पण रोज त्यांना जमेलच असं नाही.

खाण्याबद्दल ज्याला विचारावं तो अंडी आणि डब्यातली पावडर सांगतो. आमच्याकडे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि भाजी. एवढ्यावर होते का? बूट भरतीच्या वेळचे आहेत, टाचेला तळवा पार झिजला आहे.

आमच्यासारख्या गावात राहून ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पांदणवाला (दारव्हा)

ताई, तुझा दम कमी नाही, तुझी चाल जास्त आहे. हे एक पक्कं समजून घे, बाकीचं त्याच्यामागून येते.

८०० मीटर सव्वातीन मिनिटांत मारणाऱ्या पोरीची चाल किलोमीटरला चार मिनिटांच्या आसपास राहते. तुझं अंग त्याच चालीले ओळखते. तू हळू धावून राहिली असं तुले वाटते, तेव्हाही पहिले दोन-तीन किलोमीटर तू साडेपाच-सहा मिनिटांनीच काढत असशील. मग पाचव्याले कळ आणि सहाव्याले दम, हे होणारच. उद्यापासून किलोमीटरले साडेसात मिनिटं घे. आठ लागले तरी काही बिघडत नाही. आता शर्यतीचा हिशेब पाहा. सात मिनिटांच्या चालीनं २१ किमी २ तास २८ मिनिटांत होते, साडेसातनं २ तास ३८. अगदी साडेआठनं गेली तरी तीन तासांच्या आत पोचते. तुमच्या शर्यतीत किती वेळात पोचावं लागते ते माहितीपत्रकात असते, ते आधी वाचजो.

चाल बरोबर आहे का हे कळायले घड्याळ लागत नाही. मैत्रिणीसोबत पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटी असशील तर काहीतरी म्हणत धाव. मी भजन म्हणतो. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव मंडळाची भजनं लहानपणापासून पाठ असतात. ओळ मधातच तुटली की समजायचं चाल वाढली, आणि ओळ पूर्ण होईपर्यंत कमी करायची. गावातले पोट्टे हसतील, "हे काय चालल्यासारखं धावणं?" म्हणतील. त्यांच्यासोबत शर्यत लावू नको. भरतीवाल्या पोरांले हेच सगळ्यात जड जाते.

हळू कायले, तेही सांगतो. अंगात साठवलेली साखर असते, तिले ग्लायकोजेन म्हणतात. जोरानं धावलं की ती भराभर जळते आणि साधारण दीड-दोन तासांत सरते. हळू धावताना अंग चरबीही जाळते, म्हणून साखर पुरून उरते. आणि दम चार-सहा आठवड्यांत वाढते, पण घोट्यामागची शीर, नडगी, गुडघा यांले मजबूत व्हायले महिने लागते. दमाच्या भरवशावर अंतर ओढलं की नडगी दुखणं सुरू होते आणि सगळं बंद पडते.

आता वावराचं. शहरातल्या वेळापत्रकात वेचणी नसते, म्हणून ते जसंच्या तसं घेऊ नको. दिवसभर वाकून कापूस वेचला म्हणजे कंबर आणि मांडीची मागची बाजू दिवसभर ताणलेली असते. तो व्यायामच आहे, तो मोजला पाहिजे. आठवड्यात चारच दिवस धाव. तीन दिवस पाच ते आठ किमी, सगळं हळू. चौथा दिवस लांब धावण्याचा, आणि तो बाजाराच्या दिवशी ठेवजो. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी मजुरीचा चुकारा होते आणि वावर बंद राहते. तुमच्याकडेही तसंच असेल. सकाळी धावलं की दुपारी पाठ टेकता येते. लांब अंतर आज सहा आहे ना, दर आठवड्याले एक किलोमीटर वाढव. दर चौथ्या आठवड्याले वाढवायचं नाही, उलट दोन-तीन किमी कमी करायचं. शर्यतीच्या तीन आठवडे आधीपर्यंत सोळा-सतरा किमी झाले तर बस झालं. एकवीस आधी धावून पाहायची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आण, तेव्हा अंग भरून येते. सोंगणीच्या ज्या आठवड्यात उसंतच नसेल त्यात दोनच दिवस धाव, पण लांबचा दिवस सोडू नको.

रस्ता. दिवाळीपर्यंत काळ्या मातीच्या पांदणीत, म्हणजे वावरातल्या वाटेत, जाऊ नको. बुटाले किलोभर चिखल चिकटते आणि चाल बिघडते. पुढं तीच माती वाळून भेगाळते, घोटा त्यातच मुरगळते. कालव्याचा मुरूम चांगला, पायाले मऊ. पण नागपूरले डांबर नाहीतर सिमेंटच राहणार, म्हणून लांब धावण्यातलं निम्मं अंतर डांबरावर काढजो. समोरून येणारी गाडी दिसेल त्या बाजूनं धाव.

अंधाराबद्दल मले खरंच काळजी वाटते. सोंगणीच्या दिवसांत घोणस रस्त्यावर येते, डांबर रात्रभर गरम राहते म्हणून. डोक्याची बॅटरी घेजो, दोनेकशे रुपयांत भेटते. आणि अंधारात कोणाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाट काढू नको, कितीही जवळची असली तरी. रानडुकरांसाठी तारेच्या कुंपणाले झटका मशीन लावलेली असते. तिचा झटका लागून सुटते. पण काही जण चोरून थेट लाइनचा करंट तारेत सोडतात, त्यानं माणसं मेली आहेत. फटफटल्यावरच निघ. वीस मिनिटं कमी धावली तरी चालते.

खाणं तुझं चांगलं आहे, पावडर बिलकुल नको. भाकर, वरण, भाजी, वरून मूठभर शेंगदाणे आणि गूळ, घरी दूध आहे तर रात्री एक पेला. फक्त लांब धावण्याच्या आदल्या रात्री भाकर, बरबटी (चवळी), झुणका, ठेचा नको. चोथ्यानं आणि तिखटानं पोट रस्त्यातच ढवळते. त्या रात्री भात आणि साधं वरण, नाहीतर आलूची भाजी-पोळी. सकाळी निघायच्या तासभर आधी केळ नाहीतर गूळ-पोळी. आणि जे शर्यतीच्या दिवशी खाणार तेच तीन-चार वेळा लांब धावण्याच्या दिवशी खाऊन पाहा.

बूट मात्र घेच. टाच झिजलेला बूट तुझा गुडघा खाईल. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असते. पुढं अंगठ्याएवढी जागा ठेव, नाहीतर नखं काळी पडते. डिसेंबरच्या सुरुवातीलेच घे. कोरा बूट घालून नागपूरले उभी राहू नको.

बॅच१६००

काकांनी सगळं सांगितलं. एवढंच जोडतो, भरतीचा वेग पूर्ण टाकू नको ताई. नोव्हेंबरपासून आठवड्यातून एक दिवस दोन किमी हळू, मग वीस मिनिटं जरा दमवणाऱ्या पण एकसारख्या चालीनं, मग पुन्हा हळू. मला तेवढ्यानं शेवटचे पाच किलोमीटर सोपे गेले.

उपकेंद्रातून

ताई, मी वर्धा जिल्ह्यातच आरोग्य सेविका आहे. धावण्याचं शास्त्र मला येत नाही, पण तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

अंतर वाढवण्याआधी दोन तपासण्या करून घ्या. पहिली हिमोग्लोबिन. १२ च्या खाली असेल तर कितीही हळू धावलात तरी दम लागणारच, आणि आपल्याकडच्या मुली ते अंगावर काढतात. लोहाची गोळी उपकेंद्रात मोफत मिळते. ती चहासोबत घेऊ नका, तासभर तरी अंतर ठेवा. लिंबू, आवळा सोबत असेल तर लोह जास्त लागू पडतं.

दुसरी तपासणी सिकलसेलची. हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. विदर्भात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हे लग्न ठरेपर्यंत कळत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी होते, तिच्यात काही आढळलं तर पुढची पक्की चाचणी. कार्डावर 'एएस' आलं म्हणजे वाहक. वाहक माणूस धावू शकतो, घाबरायचं नाही. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, तयारीशिवाय एकदम जोर लावला तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी पाय अचानक लुळे पडल्यासारखे झाले, दम लागला, तर जिद्दीनं पुढं जायचं नाही. थांबायचं, सावलीत जायचं आणि शर्यतीतल्या डॉक्टरांना सांगायचं की मी वाहक आहे. 'एसएस' आलं, म्हणजे आजारच निघाला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावणं नाही आणि लोहाची गोळीही नाही. तुमच्या मैत्रिणीलाही सोबत घेऊन या.

आणखी एक. अंगदुखीची गोळी खाऊन धावायला उभं राहू नका. वेचणीच्या दिवसांत आपल्या बाया ती सर्रास घेतात. घाम गेलेल्या अंगात त्या गोळीचा भार मूत्रपिंडावर पडतो.

पाळीच्या दिवसांत धावलेलं चालतं, त्रास असेल तर चाला. पण धावणं वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर 'बरं झालं' म्हणून सोडून देऊ नका, खाणं कमी पडत असल्याची ती खूण असते. दाखवायला या.

कालवाकाठ

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचताना भरून आलं. आज साडेसातच्या चालीनं गेले. मधात दोनदा वेग वाढला, मैत्रिणीनं ओरडून आवरलं. सात किमी झाले, कळ आली नाही! बाबा म्हणाले, अशी धावली तर मी सायकलवरही सोबत येतो.

सेविकाताई, बुधवारी दोघी उपकेंद्रात जातो. हिमोग्लोबिन भरतीच्या वेळी बघितलं होतं, सिकलसेलचं कधीच केलं नाही.

काका, शर्यतीच्या दिवशीचं पाणी राहिलं. रस्त्यात पाण्याची टेबलं असतात, त्या दर टेबलावर प्यायचं का? आणि पहाटेच्या एसटीनं नागपूर गाठता येईल का, की आदल्या दिवशी जावं?

पांदणवाला (दारव्हा)

सात किमी! लय भारी. मैत्रिणीले सोडू नको.

पाणी तहान लागेल तसं, दोन-चार घोट. दर टेबलावर पोटभर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होते, तेही धोक्याचं. जानेवारीत सकाळी थंडी राहते, तेवढी तहान लागत नाही. एक तासानंतर साखर-मिठाचं पाणी घेजो. लांब धावण्याच्या दिवशी घरीच कर: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खिशात चार खजूर ठेव, पाऊण तासानं एक-एक खा. काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूले व्हॅसलीन लाव, नाहीतर घामानं कातडी सोलते.

पहिले तीन किमी लोक तुले मागं टाकतील, टाकू दे. पंधरानंतर त्यातले बरेच चालताना दिसतील. तेव्हाही चाल तीच ठेव. अठरा झाल्यावर जोर वाटला तरच वाढव.

एसटीचं नको. अशा शर्यती पहाटेच सुटतात, आणि छातीवरचा नंबर बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीच घ्यावा लागते. आदल्या दिवशी दुपारीच निघा, ओळखीच्या घरी उतरा. ओळखपत्र मूळच घ्या, मोबाइलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका. नंबर घेतला की शहर पाहायले फिरू नका, पाय वर करून पडा. भात-वरण कुठं भेटेल ते बाबांले पाहायले सांग.