मदत हवी आहे: पक्ष्यांच्या श्वसनाचं झडपांशिवाय चालणारं मॉडेल

नववीच्या मुलांसाठी पक्ष्यांच्या श्वसनाचं चालतं मॉडेल करतेय. पक्ष्याचं फुप्फुस ताठर, ते आपल्यासारखं फुगत नाही. हवा खेळवतात वायुपिशव्या, बहुतेक पक्ष्यांत 9. आत घेतलेली बरीचशी हवा आधी मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासाला फुप्फुसात, पुढच्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत आणि मग बाहेर. फुप्फुसातल्या बहुतेक बारीक नळ्यांतून ती कायम एकाच दिशेने वाहते. इथवर मुलांना चित्रावरून छान कळतं.

अडलंय ते पुढे. फुगे, सलाइनची नळी आणि टी-जॉइंट जोडून पाहिले. सायकलच्या ट्यूबचे तुकडे झडप म्हणून लावले की हवा बरोबर फिरते. पण पक्ष्यात अशा झडपा नसतातच! नळ्यांचे कोन, आकार आणि हवेचा वेग यांवरच दिशा ठरते, आणि मुलांना नेमकं हेच दाखवायचंय. झडपा काढून नळी तिरकी जोडली, तोंड निमुळतं केलं, तरी हवा दोन्हीकडे पळते.

शाळेत प्रयोगशाळा किंवा थ्रीडी प्रिंटर नाही, कोंबडीचं विच्छेदनही नको. हवेऐवजी रंगीत पाणी चालेल.

झडपेशिवाय प्रवाह एकाच दिशेला वळवणारी जोडणी कुणी केली आहे का? नळीचा व्यास आणि कोन किती ठेवला होता?